भरल्या टाकीचा उपास

१

नवसूकाकाला सगळ्यांसमोर चोर म्हटलं तेव्हा मी व्हॅनच्या मधल्या सीटवर बसले होते आणि गोदी माझ्या शेजारी. गोदी म्हणजे नवसूकाकाची मुलगी आणि दहावीच्या वर्गातली माझी बाकावरची जोडीदार. ती रडली नाही. तिने दप्तराचा पट्टा मुठीत धरला आणि इतका पिळला की शिवण टर्रकन उसवली. तो आवाज ऐकला आणि मी तिथेच ठरवलं, हे ज्याने कुणी केलंय त्याला मी सोडणार नाही. माफ करणं वगैरे मोठ्या माणसांनी करावं, त्यांना सवय असते.

झालं असं. माझी पारूआत्या पाड्यापाड्यांवरून मुलं गोळा करते आणि शहापूरच्या शाळेत सोडते. तिची व्हॅन म्हणजे माझ्याहून म्हातारी. पेट्रोलचा काटा कित्येक वर्षं मधोमध झोपलेला आहे, भरलेली असो की रिकामी. पण बाकी गाडी ठणठणीत. निदान पावसाळा संपेपर्यंत होती. नंतर तिला कसलासा ताप भरल्यासारखं व्हायला लागलं. फाट्यावर पोरं चढताना गाडी उभी असली, की इंजिन आधी थरथरायचं. आरसा लटलटायचा, सीटखालून ठुडुक ठुडुक व्हायचं, एक मोठा आचका यायचा आणि गपगार. मग किल्ली पिळून पिळून आत्याचं मनगट दुखायला लागायचं.

त्या सकाळीही असंच फाट्यावर बंद पडली. आणि नेहमीसारखा मोटारसायकलवर भाविकदादा देवासारखा धावून आला. डिकीतून पेट्रोलची बाटली काढली, टाकीचं झाकण पिळून उघडलं, बाटली ओतली, झाकण लावलं. "मार ताई सेल्फ!" आत्याने मारला. गाडी लगेच सुरू.

"पेट्रोल संपलं होतं गो ताई," भाविकदादा हळू आवाजात म्हणाला. इतक्या हळू की सगळ्यांना ऐकू जावं.

"असा कसा संपला? काल बाजारच्या दिवशी फुल केली मी!"

तेवढ्यात देवजीअण्णांची स्कूटर थांबली. देवजीअण्णा शाळेच्या पालक समितीचे अध्यक्ष. डोक्यावर पांढरी टोपी, आणि बोलताना असं बोलतात की शब्दसुद्धा उभे राहून ऐकतात.

"काल फुल, आज खाली. रात्री गाडी कुणाच्या दारात असते, पारू?"

सगळ्यांना माहीत होतं. आमच्या घराकडे चढ आहे, वाट दगडांची. म्हणून व्हॅन वाडीच्या तोंडाशी नवसूकाकाच्या अंगणात लागते. तो तिच्यावर नजर ठेवतो आणि पहाटे धुऊन देतो.

"नवश्या चोर आहे," देवजीअण्णा म्हणाले. "शनवारी सभेत ठराव करू. मग बघू त्याला गावात कोण कामावर बोलावतो ते."

मागच्या सीटवरून कुणीतरी बारक्या आवाजात म्हणालं, "चोराची पोरगी."

गोदी उतरली आणि चालत घरी निघाली. मी मागून ओरडले, तर वळून एवढंच म्हणाली, "शनवारी बापाचा नाव चोर पडला ना, तर मी परत शाळेत येणार नाय. तू बाक एकटीच धर."

२

दुसऱ्या दिवशी मी संशयितांपासून सुरुवात केली. पहिला संशयित नवसूकाका. गोदीला वाईट वाटेल म्हणून त्याला वगळलं असतं तर मग मी कसली शोधणारी?

"काका, तुम्ही पेट्रोल काढता?"

तो बादली घेऊन चाक घासत होता. त्याने मान वर केली नाही. "काढून भरू कशात बाय? माझ्याकडं सायकल बी नाय. पेट्रोलवर भाकर भाजतात काय?"

"विकत असाल."

"इकला असता तर हा शर्ट असा असता?" त्याने पाठीवरचं भोक दाखवलं. मला हसू आलं आणि लगेच लाज वाटली.

मग तो टाकीच्या बाजूला आला. फडकं सगळीकडे फिरलं, फक्त झाकणाला वळसा घालून गेलं.

"तेवढंच का ठेवलं?"

"तुझ्या आत्यानं कुंकू लावलाय ना. देवाचा आहे, त्याला पानी कशाला लावू?"

ही आत्याची जुनी रीत. टाकी फुल केली की कुंकवात बोट बुडवून एक रेघ ओढते. अर्धी झाकणावर, अर्धी गाडीच्या पत्र्यावर. गाडीचं पोट भरलं, आता दृष्ट लागू नये. मी लहानपणापासून बघतेय, म्हणून कधी नीट बघितलंच नव्हतं. आता बघितलं. झाकणावरची रेघ एका दिशेला होती आणि पत्र्यावरची दुसरीकडे. मधेच तुटलेली. अर्थातच, भाविकदादाने काल झाकण फिरवलं होतं.

पण त्याच्या आधी?

मी डोळे मिटून काल सकाळ आठवली. मी टाकीच्या बाजूनेच चढते. माझी ओढणी झाकणाला अडकली होती आणि तिला कुंकू लागलं म्हणून मी वैतागले होते. रेघ तेव्हा सरळ होती. अख्खी. आत्याने ओढली तशी.

म्हणजे चोरी झाली म्हणतात त्या रात्रभरात झाकण कुणी फिरवलंच नव्हतं!

मी धावत आत्याकडे गेले. ती तांदूळ निवडत होती. "आत्या, गाडी कुठल्या कुठल्या दिवशी बंद पडली? आठव ना!"

"कुठल्या म्हणजे? बाजारच्या दुसऱ्या दिवशी. दरखेपेला." तिचा हात सुपात थांबला. "आगो... म्हणजे टाकी भरली का दुसऱ्या दिवशी."

"आणि टाकी अर्धी असते तेव्हा?"

"तेवा तर हरणासारखी पळते."

आम्ही दोघी एकमेकींकडे बघत राहिलो. भरल्या पोटी उपाशी मरणारी गाडी मी आयुष्यात पहिल्यांदा ऐकत होते.

३

दुसरा संशयित संदेश मेस्त्री. मुरबाडला त्याचं गॅरेज आहे, आणि जुन्या व्हॅनींना हात लावणारा आमच्या भागात तोच एक. त्याने आत्याची गाडी परत परत उघडली होती. कार्बोरेटर साफ केला, प्लग बदलले, हवेचा फिल्टर झाडला, आयडलिंगचा स्क्रू पिळून बसवला. तरी रोग तसाच. मला वाटलं, हाच मुद्दाम नीट करत नसणार, म्हणजे गिऱ्हाईक फिरून येतं. मी हे त्याला तोंडावर विचारलं. आत्याने माझ्या दंडाला चिमटा काढला, पण उशीर झाला होता.

"ए चिमणे!" संदेशच्या हातातला पाना माझ्या नाकासमोर आला. "मी बिघडवतो? ही बघ, ही बघ!" त्याने सीट उचलली, खालचं इंजिन सुरू केलं. गाडी अशी शहाण्यासारखी चालत होती की मला तिला लाथ घालावीशी वाटली. "माझ्या दारात आली का गपगुमान. मामलेदारासमोर उभी केलेल्या चोरासारखी! म्हातारी झालेय, भंगारात टाका."

"आज टाकी अर्धी आहे," मी म्हणाले.

"मग? त्याचा काय संबंध?"

त्याला ठाऊक नव्हतं. खरंच ठाऊक नव्हतं. खोटं बोलणारा माणूस एवढा चिडत नाही, तो गोड बोलतो. हा विचार माझ्या डोक्यात आला आणि मग दुसराच कुणीतरी गोड बोलणारा डोळ्यांपुढे उभा राहिला. मी त्याला झटकून टाकलं. तो तर आम्हाला मदत करतो!

संदेश हात पुसत टाकीपाशी गेला. "हे झाकण मूळचं नाय. याचा रंग बघ."

"जुना पंपावर हरवला, गणपतीत," आत्या म्हणाली. "भाविकनं त्याच्या घरातला दिला. त्याची पण अशीच व्हॅन आहे ना. म्हनला पडूनच होता, घे ताई. देवमाणूस."

संदेश फस्सकन हसला. "भाविक? देवमाणूस? आणि गाडी उभी करता नवसूच्या दारात? भाविकच्या पोटावर पाय कोणी दिला, माहीत आहे का तुमच्या चिमणीला?"

मला माहीत नव्हतं. आत्याने मान खाली घातली.

आधी शाळेची मुलं भाविकदादाच नेत असे. नवसूकाका तेव्हा हायवेच्या कडेला खडी टाकायच्या कामावर होता. त्याने भाविकदादाला पाहिलं होतं, एका हातात फोन, मागे पोरं खचाखच, आणि गाडी उलट्या बाजूने. सभेत उभं राहून त्याने ते सांगितलं. सभेत वाडीचा माणूस बोलला, हीच मोठी गोष्ट होती. भाविकदादाची मुलं गेली, आत्याला मिळाली. भाविकदादाने सगळ्यांपुढे हात जोडले, चुकलो म्हणाला. आता त्याच व्हॅनमधून टोकावड्याच्या ढाब्यांना भाजी पोचवतो.

"तेवापासून कसा नम्र झालाय," आत्या म्हणाली.

मला फाट्यावरचा त्याचा हळू आवाज आठवला.

४

कारण मिळालं, पण रीत कुठाय? झाकण बदलल्याने गाडी कशी बंद पडेल? त्या रात्री मी गणिताच्या वहीत फक्त झाकणं काढली.

उत्तर शाळेच्या खिचडीत सापडलं. गिरजामावशी खिचडी शिजवतात. त्यांनी मला तेलाचा नवा डबा फोडायला सांगितला. मी खिळा ठेवला, हातोडी घातली, एक भोक पाडलं आणि डबा तिरका केला. तेल आलं, गडप गडप केलं, आणि बंद. डबा गच्च भरलेला, तरी थेंब नाही.

"आगो दिवटे! दुसरा भोक कोन पाडंल? वारा आत जायला नको? वारा आत गेला तर तेल भायेर येल ना!"

हातोडी माझ्या हातातून पडली. गिरजामावशींना वाटलं पायावर पडली, कारण मी तशीच किंचाळले.

गाडी टाकीतलं पेट्रोल ओढते. जेवढं ओढलं तेवढी हवा आत यायला हवी, नाहीतर टाकी उलटी ओढून धरणार. टाकी अर्धी असली की आत मोकळी हवा भरपूर, बराच वेळ भागतं. गच्च भरली की हवा चिमूटभर, मग गाडी लगेच उपाशी. आणि भाविकदादा बाटली ओतायला झाकण उघडतो तेव्हा काम त्या बाटलीने होतच नाही! काम झाकण उघडल्याने होतं!

संध्याकाळी नवसूकाकाच्या अंगणात मी झाकण काढून तोंडाला लावलं आणि गाल दुखेपर्यंत फुंकलं.

"झाकण काय चाटतेस गो!" आत्या ओरडली.

"हवा जात नाहीये! याला श्वासाचं भोक असतं, ते बुजवलंय!" आतल्या बाजूला एक गुळगुळीत काळा फुगवटा होता. गोदीने नखाने खरवडलं. वरचा काळा रंग निघाला, खाली करडं काहीतरी. गळक्या नळाला लावतात ती पुट्टी. वर रंग देऊन लपवलेली.

आम्ही कॅन आणून टाकी काठोकाठ भरली, झाकण लावलं, गाडी उभ्या उभ्या चालू ठेवली. नवसूकाका उंबऱ्यावर बसून बघत होता. बराच वेळ काही नाही. मग आरसा लटलटला. ठुडुक ठुडुक. आचका. गप्प. मी झाकण पिळलं आणि आतून आवाज आला, सुस्स्स्, जसं कुणीतरी दात आवळून श्वास घेतं. आत्याने किल्ली फिरवली. सुरू!

नवसूकाका भिंतीला डोकं टेकून बसला.

"चल, आत्ताच अण्णांकडे!" मी म्हणाले.

"नको," गोदी म्हणाली. "तो हात जोडील. म्हनंल, जुना झाकण होता, मला काय म्हाईत. आनि अण्णा म्हनतील, बिचारा. मागल्या खेपेला बी जोडलेलेच की."

तिचं खरं होतं. झाकण त्याचं होतं, पण ते बुजलंय हे त्याला माहीत होतं, याचा पुरावा कुठे होता? माहीत असणं कसं पकडणार?

तेवढ्यात वाटेवर मोटारसायकल वाजली. मी झाकण ओढणीखाली घेतलं. भाविकदादा होता. हसत.

"ताई, अण्णांशी बोलून आलो. म्हटलं उगाच गरिबावर आळ नको. शनिवारी सभेच्या वेळी तुझी आणि माझी, दोन्ही व्हॅन मैदानात चालू ठेवू. बंद पडेल ती बाद, राहील ती पोरं नेईल. फक्त टाकी फुल करून आण हां, ताई. काठोकाठ. म्हणजे पेट्रोल चोरलं असं कुणी म्हणणार नाय."

तो गेला तेव्हा मी गोदीकडे बघितलं आणि गोदी माझ्याकडे. टाकी काठोकाठ भरायला सांगणारा माणूस आम्हाला स्वतःच जाळं आणून देत होता. फक्त मासा बदलायचा होता.

५

शनिवारी मैदानात दोन व्हॅन शेजारी शेजारी उभ्या होत्या, सारख्याच जुन्या. भाविकदादाने सगळ्यांसमोर कॅनमधून आपली टाकी काठोकाठ भरली. "बघा मंडळी, माझीपण फुल. न्याय म्हणजे न्याय." आमची आत्याने भरून आणली होती. संदेश मेस्त्रीला परीक्षक म्हणून बोलावलं होतं.

मी आधीच मुख्याध्यापिका बाईंना गाठलं होतं. त्यांना एवढंच सांगितलं, "बाई, कुठलीही गाडी बंद पडू दे, तिचा मालक पहिल्यांदा काय उघडतो तेवढं बघा. आणि मोठ्याने सांगा."

मग मी पूजेचं ताट घेऊन पुढे आले. परीक्षेआधी गाड्यांची पूजा नको? अण्णा खूश झाले. गोदी पाण्याचा तांब्या घेऊन मागे. आधी आमच्या गाडीला हळदकुंकू. टाकीच्या बाजूला ताट आडवं धरलं आणि ताटाआड गोदीने झाकण काढून ओढणीत घेतलं.

"आमच्या म्हातारीला पण लाव गो," भाविकदादा म्हणाला आणि हात जोडून डोळे मिटले. हात जोडायची त्याला सवयच. त्याच्या मिटलेल्या डोळ्यांसमोर त्याचं झाकण आमच्या गाडीकडे गेलं आणि त्यानेच दिलेलं झाकण त्याच्या गाडीला बसलं. वर मी कुंकवाची भली जाड रेघ ओढली. दोन्ही गाड्यांची चाकं हलणार नव्हती, कुणाला काही होणार नव्हतं. आणि मला मुळीच वाईट वाटत नव्हतं.

इंजिनं सुरू झाली. सभाही. अण्णा चोरी या विषयावर बोलत होते. नवसूकाका एका बाजूला उभा होता, कुणी खुर्ची दिली नव्हती. भाविकदादाचे डोळे सारखे आत्याच्या आरशावर. लटलटतोय का? नाही. अजून नाही. त्याने घड्याळ बघितलं. पुन्हा आरसा बघितला.

ठुडुक.

तो आमच्या गाडीकडे बघून हसायला लागला आणि मग त्याच्या लक्षात आलं, आवाज दुसरीकडून येतोय. ठुडुक ठुडुक. त्याच्या व्हॅनचा आरसा थडथडत होता. एक आचका, आणि मैदानात फक्त आत्याच्या गाडीचा आवाज उरला.

"सीट उचल!" संदेश ओरडला. "कार्बोरेटर बघ!"

"प्लग बघ रे!" कुणीतरी म्हणालं.

भाविकदादाने कुणाचंच ऐकलं नाही. तो तीरासारखा टाकीकडे गेला आणि झाकण पिळलं. सुस्स्स्. सगळ्या मैदानाने ऐकलं. त्याने झाकण उलटं केलं, आत अंगठा फिरवला, आणि तसाच उभा राहिला.

"मालकाने पहिल्यांदा टाकीचं झाकण उघडलं," बाई खणखणीत आवाजात म्हणाल्या.

मी पुढे गेले. "भाविकदादा, टाकी तर तुम्ही आत्ताच सगळ्यांसमोर काठोकाठ भरलीत. पेट्रोल संपलेलं नाही हे तुम्हाला माहीत होतं. मेस्त्री सीट उचल म्हणत होता. मग झाकण कशाला उघडलंत?"

"मी... असंच गो."

"आणि उलटं करून आत बोट कशाला फिरवलंत?"

संदेशने झाकण त्याच्या हातातून ओढून घेतलं आणि स्क्रू-ड्रायव्हरने फुगवटा उडवला. करडी पुट्टी टोकाला चिकटून आली. "भोक बुजवलंय हरामखोरानं! आणि मी कार्बोरेटर धूत बसलो!"

"जुना झाकण होता," भाविकदादा म्हणाला. हात जोडले जायला लागले. "मला काय माहीत—"

"माहीत नव्हतं तर आधी तेच का उघडलं?" आत्या म्हणाली. "माझी गाडी जायची आणि नवसूचा नाव बी. एका झाकणात दोगांना बसवलास!"

कुंकवाच्या रेघेचं, बाजाराच्या दुसऱ्या दिवसाचं, बाटलीचं, पूजेत झाकणं बदलल्याचं, सगळं मी सांगितलं. मला थांबवेल अशी हिंमत कुणाची नव्हती. शेवटी देवजीअण्णा खाकरले. "बरं. झालं ते झालं. भाविक, पारूची माफी माग आणि विषय संपव."

"माझी नंतर," आत्या म्हणाली. "आधी तिकडं."

भाविकदादा नवसूकाकाकडे न बघता पुटपुटला, "चुकलं नवश्या."

"त्यांचा नाव नवसू आहे," गोदी म्हणाली. ती कधी पुढे आली कळलंच नाही. "आनि तुमच्यापेक्षा मोठे आहेत."

भाविकदादाने मान वळवली.

"नवसूदादा... चुकलं. पेट्रोल कुणी चोरलंच नव्हतं. मी केलं."

"मागच्यांना ऐकू नाय आला," गोदी म्हणाली.

मी धावत मागच्या रांगेत गेले, कानामागे हात धरला आणि जीव खाऊन ओरडले, "नाय आला!"

त्याला परत म्हणावं लागलं. मोठ्याने. मान वर करून. बाई म्हणाल्या, "गोदी, बाळा, आता पुरे." नवसूकाकानेही तिच्या दंडाला हात लावला. पण गोदी जागची हलली नाही. ती वळून अण्णांच्या टेबलाकडे बघत होती.

"चोर तर यांनी म्हटलाच नव्हता," ती म्हणाली. "फाट्यावर, सगळ्यांसमोर, तुमी म्हटलात अण्णा."

अण्णा इकडेतिकडे बघायला लागले. पण बघायला होतं कोण? बाई त्यांच्याकडेच बघत होत्या. संदेशही. ज्या पोराने मागच्या सीटवरून चोराची पोरगी म्हटलं होतं, तोसुद्धा तोंड उघडं टाकून वाट बघत होता.

अण्णा खुर्चीतून उठले. त्यांनी टोपी काढली.